कमी कापण्याचे शहाणपण

काही विषय असे असतात की घरात त्यांचा उच्चार डोळ्यांनी होतो, तोंडाने होत नाही. स्तनाचा कर्करोग हा त्यांपैकी एक. ‘अमक्या काकूंना गाठ झाली होती’ एवढेच बोलले जाते. ती कोठे झाली हे सांगताना बायका नुसता हात छातीकडे नेतात आणि पुरुष विषय बदलतात. न बोललेल्या गोष्टीचे भय अधिक वाटते, आणि हे भय दुहेरी आहे. एक भय रोगाचे, दुसरे सुरीचे. पैकी पहिल्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आज आम्हांला दुसऱ्या भयाविषयी बोलावयाचे आहे, कारण गाठ हाताला लागूनही ती महिनोन्‌महिने लपवून ठेवणाऱ्या स्त्रीच्या मनात पुष्कळदा हे दुसरे भयच बसलेले असते.

हे भय निराधार होते असे मात्र कोणी समजू नये. आपल्या आजीच्या पिढीतील ज्या स्त्रीवर ही शस्त्रक्रिया झाली ती घरी परतली तेव्हा तिच्या छातीच्या एका बाजूस कातडीखाली फासळ्या दिसत, हात सुजून जड होई, खांदा वर उचलेनासा होई. हे घरातल्या लेकीसुनांनी पाहिले आणि ते त्यांच्या लक्षात राहिले. म्हणजे आजचे भय ही कालच्या वस्तुस्थितीची आठवण आहे. ती वस्तुस्थिती पुढे बदलली. ती कशी बदलली, कोणी बदलली आणि आठवण मात्र का बदलली नाही, हा खरोखर इतिहासाचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच तो या व्यासपीठावर मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहोत. कोणाला कोणता उपचार योग्य हे सांगणे हा येथे हेतू नाही. ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांचे काम.

आरंभ करू 1811 सालच्या पॅरिसपासून. फॅनी बर्नी ही इंग्रजी कादंबरीकर्ती आपल्या फ्रेंच पतीसह त्या वेळी तेथे राहत होती. तिच्या उजव्या स्तनात गाठ झाली. नेपोलियनच्या सैन्याचा विख्यात शस्त्रवैद्य लॅरे याने शस्त्रक्रियेचा निर्णय दिला. 30 सप्टेंबर रोजी, अवघी दोन तासांची पूर्वसूचना देऊन, काळ्या पोशाखातील सात माणसे तिच्या घरात शिरली. भूल देण्याची विद्या युरोपात अजून जन्मावयाची होती. तिला पेलाभर मद्य पाजण्यात आले आणि तोंडावर तलम रुमाल टाकण्यात आला, पण तो इतका तलम होता की त्यातून तिला सुरीची चकाकी दिसली. पुढची सुमारे वीस मिनिटे हे सारे भुलेविना चालले. काही महिन्यांनी हे सारे तिने आपल्या बहिणीस पत्राने कळविले. पत्र लिहितानाही तिचे डोके दुखत होते आणि मागे वळून वाचण्याचे धैर्य तिला होत नव्हते. ही बाई पुढे अठ्ठावीस वर्षांहून अधिक जगली. रोग्याच्या बाजूने लिहिलेली अशी हकीकत शस्त्रक्रियेच्या इतिहासात विरळा. शस्त्रवैद्यांनी आपल्या यशाची टिपणे पुष्कळ ठेवली. मेजावर पडलेल्या बाईचे टिपण ठेवण्याचे कोणाच्या मनात आले नव्हते.

आश्चर्य असे की त्याच्या सात वर्षे आधीच पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एका स्त्रीवर हीच शस्त्रक्रिया झोपेत झाली होती. जपानातील की प्रांतातला हानाओका सेइश्यू हा खेड्यातील वैद्य. त्याने वीसएक वर्षे खटपट करून वनस्पतींचा एक काढा सिद्ध केला. त्यात मुख्य द्रव्य धोतरा आणि जोडीला बचनाग. दोन्ही आपल्या ओळखीची विषे. मात्रा ठरविताना त्याने आपल्या आईवर आणि बायकोवर प्रयोग केले व त्यात बायकोची दृष्टी गेली, असे सांगतात. 13 ऑक्टोबर 1804 रोजी साठ वर्षांच्या एका स्त्रीला हा काढा पाजून त्याने तिच्या स्तनातील गाठ काढली. पूर्ण भूल देऊन केलेल्या ज्या शस्त्रक्रियांची विश्वसनीय लेखी नोंद आहे त्यांत ही अगदी आरंभीची. पुढे त्याने दीडशेवर स्त्रियांवर अशी शस्त्रक्रिया केली. परंतु जपानची दारे तेव्हा जगाला बंद होती, आणि ही विद्या बाहेर गेली नाही. ज्ञान असणे आणि ते पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या मुद्द्याकडे आपणांस शेवटी पुन्हा यावयाचे आहे.

पाश्चात्त्य जगात 1846 साली बॉस्टनमध्ये ईथरची भूल जाहीररीत्या देण्यात आली आणि वेदनेचा प्रश्न पुष्कळसा सुटला. उरला जखम चिघळण्याचा प्रश्न. 1867 साली जोसेफ लिस्टरने कार्बोलिक आम्लाने जखम निर्जंतुक ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी त्याची बहीण इझाबेला हिच्या स्तनात कर्करोग असल्याचे निघाले. तिच्यावर हात चालविण्यास इतर सर्जन कचरत होते. तेव्हा लिस्टरने ग्लासगो येथे आपल्या राहत्या घरी स्वतः तिच्यावर शस्त्रक्रिया केली. जखम न चिघळता भरून आली. सुमारे तीन वर्षांनी ती गेली, पण जखमेने नव्हे, तर रोग यकृतात उमटून. आमच्या विषयाचे सारे मर्म या एका घटनेत आहे. जखम बरी झाली, कातडी सांधली, सर्जनचे काम निर्दोष झाले, आणि तरीही रोग कोठेतरी दूर जाऊन बसला होता.

परंतु त्या काळी या घटनेचा अर्थ असा लावला गेला नाही. अर्थ असा लावला गेला की, पुरेसे कापले नाही. ही कल्पना तशी प्राचीन आहे. आपल्या सुश्रुतानेही अर्बुदाविषयी सांगून ठेवले आहे की ते निःशेष काढावे, कारण मागे राहिलेला अंश उरलेल्या विस्तवाप्रमाणे पुन्हा पेटतो व घात करतो. तर्काला पटणारी अशी ही गोष्ट आहे. तिला शास्त्राचे रूप दिले अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील विल्यम हाल्स्टेड यांनी. त्यांचे म्हणणे असे की हा रोग स्तनातून निघून पायरी-पायरीने काखेतील लसिकाग्रंथींत उतरतो. घरात ज्याला आपण अवधाण म्हणतो ती याच ग्रंथींची सूज. तेथून रोग पुढे पसरतो. तेव्हा स्तन, त्याखालचे छातीचे मोठे स्नायू आणि काखेतील सारा मजकूर एकसंध, मुळासकट काढला म्हणजे रोगाची वाट तुटली. 1894 साली त्यांनी आपल्या पन्नास रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी अवघ्या तिघींमध्ये त्या जागी रोग पुन्हा उगवला. युरोपातील नामांकित सर्जनांच्या हाती हेच प्रमाण निम्म्याच्या वर होते. शस्त्रक्रियेच्या नावात लागलेल्या ‘रॅडिकल’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘मुळाशी जाणारी’ असा आहे.

हाल्स्टेड यांना खलपुरुष ठरविण्याचे कारण नाही. ते असामान्य सर्जन होते. उतींना हळुवार हाताळणे, रक्त थेंबाथेंबाने थांबविणे, शस्त्रक्रियेच्या वेळी हातात रबरी मोजे घालणे हे सारे रूढ होण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आणखी एक गोष्ट येथे नोंदवून ठेवू. 1884 नंतर कोकेन टोचून शरीराचा एकच भाग बधिर करण्याच्या विद्येत त्यांनी मूलभूत काम केले. प्रयोग स्वतःवर केल्यामुळे त्या व्यसनाने त्यांना जन्मभर छळले. हा बधिर करण्याच्या औषधाचा धागा आपल्या हकीकतीत पुढे अनपेक्षित ठिकाणी येणार आहे.

दोष हाल्स्टेड यांच्या हाताचा नव्हता, मोजमापाचा होता. ‘त्या जागी पुन्हा उगवला नाही’ आणि ‘बाई वाचली’ ही दोन विधाने एक नव्हेत. 1907 साली त्यांनी स्वतःच मांडलेल्या आकड्यांवरून दिसत होते की ज्यांच्या काखेत रोग पोहोचलेला नव्हता त्या पुष्कळशा जगल्या आणि ज्यांच्या मानेपर्यंत पोहोचला होता त्या बहुतेक गेल्या. सुरी दोघींवर सारखीच चालली होती. तेव्हा फरक सुरीचा नसून रोगाचा होता. पण शिष्यांनी यातून उलटाच धडा घेतला. अधिक कापा! 1950 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये जेरोम अर्बन यांच्यासारखे सर्जन फासळ्यांचे तुकडे काढून उरोस्थीमागील ग्रंथीही काढू लागले. एका माणसाचे मत परंपरा झाले, परंपरेचा शिरस्ता झाला, आणि जवळजवळ ऐंशी वर्षे अमेरिकेत ही शस्त्रक्रिया हाच धर्म होऊन बसला. बाबा वाक्यं प्रमाणम् ही वृत्ती केवळ आपल्या मठांत आणि पाठशाळांत होती असे मानणाऱ्यांनी हा इतिहास अवश्य वाचावा.

शंका घेणारे नव्हते असे नाही. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयात जेफ्री कीन्स, म्हणजे प्रख्यात अर्थशास्त्रज्ञ कीन्स यांचे धाकटे बंधू, 1920 नंतरच्या दशकात केवळ गाठ काढून भोवती रेडियमच्या सुया ठेवीत. 1937 साली त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले. स्तन राखूनही निकाल वाईट येत नव्हते. एडिंबरो येथे मॅकव्हर्टर यांनी 1948 साली स्नायू न काढता, साधी शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांवर भिस्त ठेवून तसेच निकाल दाखविले. त्याच वर्षी लंडनच्या पेटी यांनी मोठा स्नायू राखून करावयाची पद्धत मांडली. पण या साऱ्यांवर एकच उत्तर तयार असे. ‘तुम्ही सौम्य रोगाच्या बायका निवडल्या असतील.’ आणि खरे सांगावयाचे तर या आक्षेपाला जवाब नव्हता. एक सर्जन आपले रोगी सांगणार, दुसरा आपले. दोघांची तुलना कशी करावयाची?

जवाब निघाला तो चिठ्ठ्या टाकण्यातून. कोणत्या बाईवर कोणती शस्त्रक्रिया करावयाची हे सर्जनने ठरवावयाचे नाही, बाईची संमती घेऊन चिठ्ठीने ठरवावयाचे, आणि मग वर्षानुवर्षे दोन्ही गटांचा मागोवा घ्यावयाचा. ऐकावयास ही रीत क्रूर वाटते. वस्तुतः तिच्याइतकी न्यायी रीत दुसरी नाही, कारण तिच्यात कोणाच्या अधिकाराला, वयाला वा कीर्तीला वजन नाही. पिट्सबर्ग येथील सर्जन बर्नार्ड फिशर यांनी 1971 साली अमेरिका व कॅनडा येथील अनेक रुग्णालयांत अशी चाचणी सुरू केली. तीत 1,665 स्त्रियांनी भाग घेतला. काही जणींवर हाल्स्टेड पद्धत, काही जणींचा केवळ स्तन काढला आणि स्नायू राखले. फिशर यांचा तर्क असा की गाठ हाताला लागते तोवर रोगाचे कण पुष्कळदा रक्तातून निघून गेलेले असतात. तसे असेल तर छाती अधिक खोदून काय साधणार? सहकाऱ्यांनी त्यांची टवाळी केली, काहींनी रोगी पाठविण्याचे नाकारले. पंचवीस वर्षांचे निकाल 2002 साली प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांतील स्त्रियांच्या आयुर्मानात फरक नव्हता.

इकडे इटलीत, मिलान येथे, उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी 1973 पासून 701 स्त्रियांवर आणखी पुढचा प्रश्न विचारला. गाठ लहान असेल तर स्तनाचा चतुर्थांश काढून व किरण देऊन भागेल काय? 1981 साली पहिला निकाल आला आणि वीस वर्षांनीही तोच टिकला. स्तन राखलेल्या स्त्रियांत त्या बाजूला रोग पुन्हा उगवण्याचे प्रमाण काहीसे जास्त, शेकडा 9 च्या आसपास, तर संपूर्ण स्तन काढलेल्यांत शेकडा 2 च्या आसपास. पण या रोगाने मृत्यूचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच. फिशर यांच्या 1976 साली सुरू झालेल्या दुसऱ्या चाचणीनेही हेच सांगितले, आणि एक इशाराही दिला. गाठ काढून किरण न घेतल्यास वीस वर्षांत शेकडा 39 जणींत त्याच स्तनात रोग उलटला, किरण घेतल्यास शेकडा 14 जणींत. म्हणजे कमी कापणे हे फुकट मिळालेले दान नव्हे. त्याची भरपाई किरणांनी करावी लागते. याच चाचणीत माँट्रियलच्या एका सर्जनने काही नोंदी खोट्या केल्याचे 1994 साली उघडकीस येऊन मोठा गहजब झाला. तेव्हा त्याचे सारे रोगी वगळून हिशोब पुन्हा मांडण्यात आला. निष्कर्ष तोच राहिला. खोटेपणा उघड करून पुन्हा मोजण्याची तयारी हीच या रीतीची खरी ताकद होय.

परंतु हा बदल केवळ सर्जनांनी घडविला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. 1970 च्या दशकापर्यंत अमेरिकेत प्रघात असा होता की गाठ असलेल्या स्त्रीला भूल द्यावयाची, गाठीचा तुकडा तिथल्या तिथे तपासावयाचा, आणि कर्करोग निघाला तर तिला जागे न करताच स्तन काढून टाकावयाचा. झोपताना बाईला ठाऊक नसे की जागे होताना आपण कशा असू. मेरीलँडमधील पत्रकार रोझ कुश्नर यांना 1974 साली आपल्या स्तनात गाठ लागली. आधी फक्त तुकडा तपासा, मग मला विचारा, एवढीच त्यांची मागणी. ती मान्य करणारा सर्जन मिळविताना त्यांना दारोदार हिंडावे लागले. पुढे त्यांनी या प्रघाताविरुद्ध लेखणी चालविली. 1979 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलाविलेल्या तज्ज्ञ मंडळात त्या होत्या, आणि त्या मंडळाने तपासणी व शस्त्रक्रिया या दोन वेगळ्या पायऱ्या असाव्यात असे सांगितले. 1990 साली दुसऱ्या मंडळाने प्राथमिक अवस्थेतील रोगात स्तन राखणे इष्ट असल्याचा कौल दिला. ‘मला विचारा’ हे दोन शब्द किती मोठे आहेत हे फॅनी बर्नीला मिळालेल्या दोन तासांच्या सूचनेशी ताडून पाहिले म्हणजे समजते.

असो. स्तनाचा प्रश्न असा सुटत गेला, पण काख तशीच होती. हाताची सूज ही मुख्यतः काखेतील ग्रंथी सरसकट काढण्याची देणगी. भाकरी थापणारा, पाणी ओढणारा हात जन्मभर जड होणे ही लहान गोष्ट नव्हे. 1990 नंतर क्रॅग आणि ज्युलियानो या अमेरिकन सर्जनांनी निळा रंग किंवा किरणोत्सर्गी द्रव्य टोचून स्तनातील रस ज्या पहिल्या ग्रंथीत उतरतो ती शोधण्याची पद्धत बसविली. ती जणू वेशीवरची चौकी. चौकीत शत्रू नसेल तर गाव धुंडाळण्याचे कारण नाही. पुढे 2011 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले की स्तन राखून किरण घेणाऱ्या स्त्रियांत एकदोन पहारेकरी ग्रंथींत रोग असला तरी बाकीच्या ग्रंथी न काढल्याने आयुर्मान घटत नाही. दहा वर्षांनंतरच्या निकालानेही यास दुजोरा दिला. 2023 साली तर इटलीतील संशोधकांनी दाखविले की गाठ 2 सेंटिमीटरपर्यंत असून काखेची सोनोग्राफी स्वच्छ असेल, तर ही चौकीही न उघडता पाच वर्षांचे निकाल तितकेच चांगले राहतात.

येथवर सुरी लहान होत गेल्याची कथा झाली. आता प्रश्न असा की सुरीने द्यावयाचे ते दिले, मग पुढची प्रगती कोठून यावयाची? उत्तर अलीकडे सुरीच्या आजूबाजूच्या वेळात शोधले जात आहे, म्हणजे शस्त्रक्रियेच्या आधीचा तास आणि नंतरचे दिवस यांत. या शोधातील एक महत्त्वाचे पाऊल आपल्या मुंबईत, परळला पडले आहे याचा येथे अभिमानाने उल्लेख केला पाहिजे. टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 साली सुरू झाले. ज्या रस्त्यावर ते उभे आहे त्याला, तेथे आयुष्य वेचलेल्या गोमंतकीय सर्जन डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचे नाव आहे. तेथील डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मनात दीर्घकाळ एक विचार घोळत होता. गाठ कापली जात असतानाच्या क्षोभाने कर्करोगाच्या पेशींना पसरण्याची चेतना मिळत असेल काय? आणि मिळत असेल तर त्या क्षणापूर्वीच त्यांना गप्प करता येईल काय? प्रथम त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी प्रोजेस्टेरॉनचे एक इंजेक्शन देऊन सुमारे एक हजार स्त्रियांत चाचणी घेतली. तिचे निकाल 2011 साली आले. एकंदरीत फरक दिसला नाही, काखेत रोग असलेल्यांच्या गटात मात्र लाभाची चिन्हे दिसली.

नंतरची चाचणी अधिक साधी. लिग्नोकेन हे जागा बधिर करण्याचे औषध, ज्याच्या जोरावर गावचा दंतवैद्य दाढ काढतो, ते गाठीच्या सर्व बाजूंनी टोचावयाचे, सातदहा मिनिटे थांबावयाचे आणि मग नेहमीप्रमाणे शस्त्रक्रिया करावयाची. भारतातील अकरा केंद्रांत 2011 ते 2022 या काळात प्राथमिक अवस्थेतील सुमारे सोळाशे स्त्रियांनी हिच्यात भाग घेतला. सर्वांना भूल होतीच. इंजेक्शन वेदनेसाठी नव्हते, ते अर्ध्या जणींना चिठ्ठीने अधिक मिळाले एवढेच. 2023 साली प्रसिद्ध झालेला निकाल असा : पाच वर्षांनी रोगमुक्त जिवंत असण्याचे प्रमाण इंजेक्शन न मिळालेल्यांत शेकडा 82.6, मिळालेल्यांत 86.6. जिवंत असण्याचे प्रमाण शेकडा 86.4 आणि 90.1. शंभरांत चार जणी म्हणजे थोड्या वाटतील. ज्या घरातील ती चौथी असेल त्या घराला विचारावे! आणि हाल्स्टेड यांची आठवण येथे झाल्याशिवाय राहत नाही. त्यांच्या दोन कामांपैकी ज्याची जगाने पूजा केली ती मोठी सुरी मागे पडली, आणि जागा बधिर करण्याची जी विद्या त्यांनी व्यसनाची किंमत देऊन वाढविली, तिच्याच वंशातील औषध शतकानंतर परळला कामास आले.

तथापि उत्साहाच्या भरात जुनीच चूक पुन्हा करावयाची नाही. एका चाचणीचा निकाल इतरांनी पडताळून पाहावयाचा असतो. याच्याशी मिळतीजुळती दुसरी एक आशा फसल्याचेही सांगितले पाहिजे. वायूची भूल टाळून पाठीच्या मज्जातंतूंजवळ बधिरता आणली तर रोग कमी उलटेल असे पुष्कळांस वाटत होते. दोन हजारांवर स्त्रियांची आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. 2019 साली निकाल आला, आणि रोग उलटण्याचे प्रमाण दोन्हीकडे शेकडा 10 असे सारखेच निघाले. आशा गेली, पण हिशोब चोख राहिला, आणि भूल कोणती घ्यावी या चिंतेतून स्त्रियांची सुटका झाली.

शस्त्रक्रियेभोवतीची साधी शुश्रूषाही या काळात बदलली. पूर्वी रात्री बारापासून घोटभर पाणी वर्ज्य असे. आता बहुतेकांस दोन तास आधीपर्यंत पाणी वा स्वच्छ पेय चालते, म्हणजे भुकेतहानेने कासावीस झालेली बाई मेजावर जात नाही. मळमळ आणि दुखणे यांवर आधीच औषध दिले जाते. तंबाखू आणि मिश्री सोडण्याविषयी आग्रह धरला जातो, कारण जखम भरण्यास त्यांचा अडथळा होतो. पूर्वी हात दिवसेंदिवस बांधून ठेवीत. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत, खांद्याला त्रास होण्याचा धोका अधिक असलेल्या 392 स्त्रियांपैकी ज्यांनी आठवडा-दहा दिवसांतच शिकविल्याप्रमाणे व्यायाम सुरू केला त्यांचा हात वर्षअखेर अधिक चांगला चालत होता. वेणी घालणे, वरच्या फळीवरचा डबा काढणे, हीच येथे मोजण्याची खरी मापे.

आता ज्ञान पोहोचण्याच्या मुद्द्याकडे परत येऊ. स्तन राखावयाचा तर किरण घेतले पाहिजेत, आणि किरणांचे यंत्र तालुक्याच्या गावी नसते. आठवडेच्या आठवडे शहरात राहावयाचे कोठे, घर कोण सांभाळणार, या हिशोबात जिचा स्तन वाचू शकला असता अशी बाई ‘काढून टाका एकदाचा’ म्हणते. हा निर्णय तिचा म्हणावयाचा की अंतराचा? 2020 साली ब्रिटनमधील चार हजारांवर रोग्यांच्या चाचणीने दाखविले की तीन आठवड्यांऐवजी एकाच आठवड्यात, पाच वेळा दिलेले किरण पाच वर्षांपर्यंत तितकेच गुणकारी ठरतात. हे आपल्याकडे सर्वत्र लागू झाले तर पुष्कळ बायांना निवड करण्याचा अधिकार प्रथमच मिळेल. आणि या साऱ्याच्या आधी प्रश्न आहे वेळेवर येण्याचा. मुंबईतील झोपडवस्त्यांत 1998 पासून टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी दीड लाखांवर स्त्रियांची चाचणी केली. थोडे प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक आरोग्यसेविकांनी, कोणत्याही यंत्राविना, हाताने तपासणी करावयाची. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या निकालात सर्व वयांच्या स्त्रिया एकत्र धरता मृत्यूंतील घट निःसंशय म्हणण्याइतकी नव्हती. पन्नाशी ओलांडलेल्यांत मात्र या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ शेकडा 30 नी कमी झाले. शिकविलेला हात, विचारपूस करणारी बाई आणि दार उघडणारे घर, एवढ्या भांडवलावर हे झाले.

आमच्या विवेचनाचा इत्यर्थ थोडक्यात असा. आजीने जी शस्त्रक्रिया सोसली ती त्या काळच्या उत्तम सर्जनांनी उत्तम बुद्धीने केली होती, आणि तरीही तीतील बराचसा भाग अनावश्यक होता. हे कळण्यास ऐंशी वर्षे लागली, कारण मोठ्या माणसांना प्रश्न विचारण्याचे धैर्य आणि मोजण्याची रीत या दोन्ही गोष्टी उशिरा आल्या. त्या आल्या तेव्हा हजारो अनोळखी स्त्रियांनी चिठ्ठीत आपले नाव घातले. त्यांच्यामुळे आज अनेक स्त्रियांचा स्तन राहतो, हात चालतो आणि आयुष्य वाढते. पण हा लाभ बहुतांशी लवकर येणारीसाठी आहे. गाठ लपविणारीच्या वाट्याला अजूनही मोठी सुरी येण्याचा संभव असतो. म्हणजे सुरीच्या भयाने जी थांबते तिलाच ती अधिक लागते.

तेव्हा या सभागृहातून घरी गेल्यावर एवढे करावे. हा विषय आज जेवणाच्या वेळी काढावा. पुरुषांनीही काढावा. आईला, सासूला, बहिणीला, कामाला येणाऱ्या बाईला सरळ शब्दांत विचारावे की कधी गाठ, ओढल्यासारखी कातडी किंवा स्तनाग्रातून रक्त असे काही दिसले आहे काय. संकोच पहिल्या वाक्यापुरताच असतो. आणि तिने ‘हो’ म्हटले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याबरोबर दवाखान्यात जाण्यास कोणीतरी निघावे.